साहेबांची हाततपासणी

पाणी लाल झालं आणि जेवणघरातली साठेक माणसं एकदम गप्प झाली. तोवर खुर्च्यांची ओढाताण, खोकणं, फोनवरचं बोलणं सगळं बिनदिक्कत चाललं होतं. टेबलावर पांढरा वाडगा होता आणि त्यातलं पाणी अगदी नितळ होतं, हे पहिल्या रांगेतल्यांनी वाकून वाकून पाहून घेतलं होतं. त्या पाण्यात एका तिशीतल्या मुलीनं दोन्ही हात बुडवले मात्र, तिच्या बोटांमधून गुलाबी रंग सुटला आणि बघता बघता वाडगाभर पसरला. तिला स्वतःला ते फार आवडलं. ती हसून पाणी उडवायला लागली. तिची आई मात्र तोंडावर हात धरून मटकन खुर्चीत बसली.

"निघालं," पाणीबाबा म्हणाले. "बघा, निघालं. वर्षानुवर्षं पेशींमध्ये दडून बसलेलं विष तुमच्या डोळ्यांदेखत बाहेर पडतंय. मी काही केलं नाही. पाण्यानं केलं."

पाणीबाबा हे नाव लोकांनी ठेवलेलं. ते स्वतःला जलऊर्जा मार्गदर्शक म्हणवत. दाढी नाही, माळा नाही, कडक इस्त्रीचा सदरा आणि कॉलरला टाचलेला छोटा माइक. विज्ञानाच्या तासाला मागच्या बाकावर डुलक्या काढणाऱ्याच्या कानावर जे जे शब्द अर्धवट पडतात, ते सगळे त्यांच्या जिभेवर होते. कंपनं होती, लहरी होत्या, पेशींची स्मृती होती. पाणी ऐकतं, पाणी लक्षात ठेवतं, पाणी खोटं बोलत नाही, असं ते दर पाच मिनिटांनी सांगत. पाणी खोटं बोलत नाही हे खरंच आहे. बोलणारा दुसराच होता, पण ते कळायला आठवडा जायचा होता.

हे जेवणघर होतं बौद्धिक अपंगत्व असलेल्या मोठ्या माणसांच्या निवासगृहातलं. बस डेपोच्या मागं दुमजली इमारत, लांबलचक मार्गिका, खाली जेवणघर, वर खोल्या, एका खोलीत दोघं. राहणारे चोवीस. धाकटा एकवीस वर्षांचा आणि थोरला अठ्ठावन्नचा, टक्कल पडलेला, तरी सगळे त्यांना 'मुलं'च म्हणत. इथल्या सिस्टरला ते आवडायचं नाही. ती सगळ्यांना त्यांच्या त्यांच्या नावानं किंवा लाडक्या टोपणनावानं हाक मारायची.

सिस्टर त्या वेळी दाराशी उभी होती. चौदा वर्षं ती या घरात नोकरीला होती आणि मार्गिकेच्या टोकाच्या खोलीतच राहत होती. थंडी तोंडावर आली होती. नऊ दिवसांनी, मंगळवारी फ्लूची लस टोचणारं पथक यायचं होतं आणि त्याआधी चोवीस घरच्यांच्या सह्या हव्या होत्या. आत्तापर्यंत पाच आल्या होत्या. गेल्या थंडीत याच घरात फ्लू शिरला होता. एका टेबलावर जेवणारी, एका टॉवेलला हात पुसणारी, घसा दुखतोय हेसुद्धा नीट सांगता न येणारी माणसं. आठ दिवसांत तेरा जण आडवे झाले आणि एक गेला.

जो गेला त्याला सगळे गवई म्हणायचे. शब्द त्याला फारसे यायचे नाहीत, पण दिवसभर गुणगुणायचा. आणि गावात बोलवा काय झाली, तर सुई टोचली म्हणून तो गेला. अशा बोलवेला पाय फुटतात आणि ती कुणाच्या घरातून निघाली ते कधीच कळत नाही. घरच्यांच्या मनात भीती बसली आणि नेमक्या त्या भीतीच्या दारात पाणीबाबा येऊन उभे राहिले. बुडत्याला काडीचा आधार लागतोच, आणि इथं तर काडी विकायलाच माणूस आला होता.

त्या दिवशी पाण्यानं फार स्पष्ट निवाडा दिला. पाणीबाबांच्या ड्रायव्हरनं हात घातला, पाणी नितळ. मॅनेजरांनी घातला, नितळ. भेटायला आलेल्या घरच्यांपैकी सात-आठ जणांनी घातला, नितळ. आणि इथं राहणाऱ्यांनी घातला की लाल. एक नाही, दोन नाही, तेवीस जण. स्वयंपाकाच्या मावशी भांडी घासता घासता गंमत बघायला आल्या होत्या. त्यांनीही हात घातला, तर पाणी सगळ्यांपेक्षा गडद झालं. त्या बिचाऱ्या पांढऱ्याफटक पडल्या आणि कोपऱ्यात जाऊन रडत बसल्या.

"सिस्टर, तुम्हीही या," पाणीबाबा गोड हसून म्हणाले. नाही म्हटलं तर घाबरली म्हणतील, म्हणून ती गेली. पाणी नितळ राहिलं. "बघा, किती शुद्ध आहात तुम्ही. आणि तरी या निष्पाप जिवांना सुया टोचता," असं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. साठ माणसांच्या नजरा सिस्टरकडे वळल्या आणि त्यांत एकही आपली नव्हती.

चोविसावा होता साहेब. वय चव्वेचाळीस, उंची बेताची, जाड चष्मा, गळ्यात रोज टाय आणि खिशाला तीन पेनं. जेवणघराच्या दाराशी हात धुवायचं लांब बेसिन होतं आणि तिथली ड्यूटी सिस्टरनं त्याला दिली होती. गेल्या थंडीच्या आजारपणानंतर हात धुणं सगळ्यांच्या अंगवळणी पाडायचं तर काय करावं, हा तिला प्रश्न पडला होता. बाटलीतला पातळ साबण ठेवायची सोय नव्हती, कारण एक जण तो पिऊन टाकायचा. मग कपड्यांच्या साबणाच्या पिवळ्या वड्या जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधल्या आणि साहेबाला तपासनीस केलं. जेवायच्या आधी प्रत्येकानं हात पुढं करायचे, साहेबानं हुंगायचे. साबणाचा वास आला तर "पास." नाही आला तर "वास नाही. परत." यात भीडमुर्वत नाही. मॅनेजरांनाही त्यानं दोनदा परत पाठवलं होतं. पाव्हणेरावळे त्याला हसत, पाठ थोपटत आणि तसेच आत जात. साहेबाला ते मुळीच पटायचं नाही.

त्या दिवशीही त्यानं सगळ्यांचे हात हुंगले. आणि पाणी लाल झालं रे झालं की दाराशी उभा राहून तो मोठ्यानं म्हणायचा, "पास." लोक हसले. कुणीतरी म्हणालं, वेडा आहे बिचारा.

शेवटी साहेबाचा मोठा भाऊ त्याला दंडाला धरून टेबलापाशी घेऊन आला. दादाचं फरशांचं दुकान होतं. आईवडील गेल्यापासून दर रविवारी न चुकता यायचा, साहेबाची नखं कापायचा, नवा टाय आणायचा. पाणीबाबांना इथं आणलं ते त्यानंच. गेल्या थंडीत साहेब अकरा दिवस दवाखान्यात प्राणवायूवर होता. त्याचं काळीज जन्मापासून कमजोर. पुन्हा असं झालं तर तो निभावणार नाही, हे डॉक्टरांनी दादाला स्पष्ट सांगितलं होतं.

साहेबानं हात बुडवले आणि वाडगा असा रंगला की पाणीबाबाही क्षणभर बघत राहिले. दादाच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

"आहे उपाय," पाणीबाबा म्हणाले. मनगटात घालायचं तांब्याचं कडं. सात दिवस अंगावर राहिलं की सगळं विष ओढून घेतं आणि वर्षभर कुठला आजार जवळ फिरकत नाही. अट एकच. कडं घातल्यावर सुई लावायची नाही. सुईनं अंगाला भोक पडतं आणि कवच फुटतं. पुढच्या रविवारी मी परत येतो, पाणी नितळ राहिलेलं तुम्हीच बघा.

त्या संध्याकाळपर्यंत एकोणीस मनगटांत कडी चढली. सह्या केलेल्या पाचांपैकी तिघांनी कागद परत मागून घेतले. दादानं सिस्टरच्या हातात लसीच्या संमतीचा कागद सही न करताच ठेवला. त्याचा आवाज रागाचा नव्हता, थकलेला होता. "सिस्टर, तुम्ही त्याला जीव लावता, ते मला दिसतं. पण एकाला सुई दिली आणि तो गेला. माझा एकच भाऊ आहे."

सिस्टरच्या ओठांवर उत्तर आलं होतं. तिनं ते गिळलं.

कारण गवईला सुई दिलीच नव्हती. त्याच्या वाटची लस थंडी संपेपर्यंत तिच्या फ्रिजमध्ये पडून होती. त्याच्या आईचा कागद कधी आलाच नाही. अंत्यविधीच्या दिवशी त्या माउलीनं सिस्टरचा हात घट्ट धरला आणि एवढंच म्हणाली, "कुणाला सांगू नका." सिस्टरनं नाही सांगत म्हटलं. दिलेला शब्द आणि कामाची रीत, दोन्ही तिच्या तोंडावर हात ठेवून बसली होती. बोलवा पसरत गेली आणि ती ऐकत राहिली. ती एक वाक्य बोलली असती तर बोलवा तिथंच मेली असती, हे तिला रोज वाटायचं. आणि रोज दुपारी गवईची आई यायची, त्याच्या रिकाम्या खाटेवर तासभर बसायची आणि कुणाशी न बोलता जायची. तिच्याकडे बघून सिस्टरचं धैर्य व्हायचं नाही.

साहेब गवईच्याच खोलीत राहायचा. त्याला मरण सांगून कळलं की नाही, कोण जाणे. पण जेवणाच्या वेळी तेवीस हात हुंगून झाले तरी तो बेसिनपाशीच उभा राहायचा. आत ताटं मांडलेली असायची, त्याचं गार होत असायचं. "साहेब, चला," सिस्टर म्हणायची. तो दाराकडे बोट दाखवायचा. "एक राहिला." दहा महिने हे चाललं होतं. रोज सिस्टर त्याच्या शेजारी जाऊन उभी राहायची, आणि थोड्या वेळानं दोघं मुकाट्यानं जेवायला जायची.

तो आठवडा सिस्टरला फार जड गेला. मावशी तिच्याशी धड बोलेनात. पाण्यानं आपल्याला भारी आजार दाखवला, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. मॅनेजरांनी हात झटकले, घरच्यांच्या इच्छेपुढं संस्था काय करणार म्हणाले. डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी, समजावून सांगा त्यांना, म्हणून फोन ठेवला. चौदा वर्षं इथं समजावून कोण सांगतंय, असं तिला विचारायचं होतं. एकेकाच्या घरी तिनं फोन केले. चौघांनी उचललेच नाहीत. दुपारी सगळे झोपले की त्या लांब मार्गिकेत तिच्या चपलांचा तेवढा आवाज यायचा, आणि या एवढ्या भरल्या घरात आपलं असं कुणी नाही, हे तिला त्या आवाजात ऐकू यायचं. एकदा तिच्या मनात आलं, सोडून द्यावं, आपल्याला काय पडलंय. मग फ्रिजचं तापमान वहीत लिहायची वेळ झाली आणि ती उठली.

बुधवारी दुपारी मावशींनी माळ्यावर ठेवलेला एक डबा तिच्यापुढं आणून आदळला. पाणीबाबांच्या माणसांनी उरलेलं पाणी मावशींना दिलं होतं, दुखऱ्या जागी लावा म्हणून. "तुम्हीच ठेवा हे. मला बघवत नाही," म्हणून त्या गेल्या. सिस्टरनं झाकण काढलं. पाणी नितळ, कसला वास नाही. तिनं त्यातलं थोडं एका वाडग्यात ओतलं आणि बेसिनच्या कडेला ठेवून बघत उभी राहिली.

एवढ्यात साहेब आला. त्याची जागा ती, त्यामुळं तिथं कोण काय करतंय हे बघणं त्याचं कामच होतं. त्यानं आधी सिस्टरचे हात हुंगले. ती आत्ताच फाइल चाळून आली होती.

"वास नाही," तो म्हणाला.

मग त्यानं वाडग्याकडे पाहिलं, आपल्या हातांना जाळीतली वडी खसखसून चोळली, नळाची धार नुसती लागली न लागलीशी केली आणि हात वाडग्यात घातले. पाणी लाल झालं. त्यानं सिस्टरकडे मान वर करून पाहिलं आणि शिकवणाऱ्याच्या सुरात म्हणाला, "पास."

सिस्टरनं त्याच्या हातांकडे पाहिलं, मग लाल पाण्याकडे. मग तिला एकेक आठवायला लागलं. रविवारी साहेबानं ज्यांना पास केलं ते सगळे लाल. ज्यांना परत म्हटलं आणि जे हसून तसेच आत गेले ते सगळे नितळ. मॅनेजर टेबलावरून उठून आलेले, घरची माणसं बसमधून उतरून आलेली, ड्रायव्हर गाडीतून. मावशी घासणीच्या साबणातून उठून आलेल्या. आणि ती स्वतः हात धुवून, भरपूर पाण्यानं खळबळून, कोरडे पुसून आलेली. मग इथली माणसं हात खळबळत नाहीत का? नाहीत. कशाला खळबळतील? वास गेला तर साहेब परत पाठवतो. पास व्हायचं म्हणून सगळ्यांनी साबण हातावर ठेवायचं शिकून घेतलं होतं. नियम तिनंच घातला होता. वासाचं तिनंच शिकवलं होतं. बाबा आले, आयती पेरलेली जमीन सापडली आणि पीक कापून गेले.

शाळेच्या प्रयोगशाळेत बाईंनी बाटलीतले दोन थेंब टाकून दाखवलेलं तिला आठवलं. फिनॉल्फथॅलीन. आम्लात रंग नाही, अल्कलीत गुलाबी. परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. बाबांच्या पाण्यात तेच मिसळलेलं असणार, आणि कपड्यांचा साबण अल्कलीच की. तिनं राहिलेलं पाणी चार पेल्यांत घेतलं. एकात नुसतं बोट, काही नाही. एकात साबणाचं बोट, लाल. एकात तेच बोट नळाखाली नीट धुवून आणि पुसून, काही नाही. चौथ्यात तिनं वडीच बुडवली. तो पेला बघून तिला एकटीलाच हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी ती हसली होती, आणि सांगायला जवळ फक्त साहेब होता. त्यालाच तिनं सगळं सांगितलं. त्यानं गंभीरपणे ऐकून घेतलं आणि टाय सारखा केला.

रविवारी जेवणघर आधीपेक्षा भरलं होतं. गवईची आईही आली होती, मागच्या भिंतीशी, पर्स मांडीवर घेऊन. पाणीबाबांनी सात दिवसांच्या कंपनांचं वर्णन केलं आणि पहिल्या वाडग्यात पाणी ओतलं. हात बुडवण्याआधी त्यांचा ड्रायव्हर प्रत्येकाचे हात ओल्या फडक्यानं चांगले रगडून पुसत होता, ऊर्जा जागी करायला म्हणून. शाळेत जाणारं नातवंडही ओळखेल एवढी सोपी गोष्ट, पण बघायचंच नसलं की माणूस डोळे उघडे ठेवूनही आंधळा असतो. पहिली मुलगी आली, पाणी नितळ. दुसरा आला, नितळ. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तिसरा नंबर साहेबाचा होता. ड्रायव्हरनं फडकं पुढं केलं तेव्हा सिस्टर मध्ये आली.

"ऊर्जा आत असते ना, मग वरून पुसायचं कशाला? याला तसंच घालू दे हात," ती म्हणाली.

दादा म्हणाला, घालू द्या, सात दिवस कडं अंगावर आहे, काही होणार नाही. साहेब बेसिनवरून नुकताच आला होता. त्यानं हात बुडवले. पाणी लालभडक झालं आणि तो सवयीनं म्हणाला, "पास."

पाणीबाबा डगमगले नाहीत. असली माणसं डगमगत नाहीत, तेच तर त्यांचं भांडवल. संशयी माणूस जवळ आला की कंपनं बिघडतात, पाण्याला मत्सर कळतो, असं त्यांनी समजावून सांगितलं. सिस्टरनं ऐकून घेतलं. मग असल्या बोलघेवड्या माणसाशी वाद घालायच्या भानगडीत न पडता ती बेसिनपाशी गेली, जाळीतली पिवळी वडी सोडून आणली आणि बाबांच्याच नव्या वाडग्यात, बाबांच्याच नितळ पाण्यात सोडली.

वडीभोवती रंगाचे ढग उठले. पुढच्या रांगेतली माणसं उभी राहिली.

"आता सांगा, साबणाला कुठला आजार झाला?" सिस्टरनं विचारलं.

कुणीतरी फिसकन हसलं. मग मावशी पुढं झाल्या. त्यांना सात दिवसांची झोप वसूल करायची होती. त्यांनी कोरडे हात घातले, नितळ. वडी चोळून घातले, लाल. खळबळून, पुसून परत घातले, नितळ. हातच्या काकणाला आरसा कशाला? मावशी वळल्या आणि पाणीबाबांना म्हणाल्या, "मेल्या, आठवडाभर मी मरणाची तयारी करत होते." त्यानंतर जे हसू उसळलं त्यात कॉलरचा माइक कुठल्या कुठं बुडाला. रांग लागली. दहा-बारा जणांनी स्वतः करून पाहिलं. पाणीबाबांनी, ही अज्ञानाची लाट आहे, असं काहीसं म्हणत वाडगे गोळा करायला घेतले. जाताना दारात साहेब उभाच होता. त्यानं बाबांचा हात धरला, हुंगला आणि नाक मुरडलं.

"वास नाही. परत."

एवढं झालं, पण सिस्टरला हवं होतं ते अजून झालेलं नव्हतं. दादा जागचा उठला नव्हता. तो मान खाली घालून बसला होता.

"पाण्याचं कळलं," तो म्हणाला. "त्यानं मला फसवलं, मी फसलो. पण सुई घेऊन गवई गेला, ते तर लबाडी नव्हती ना. त्याचं काय?"

हसू विरलं. सगळे परत सिस्टरकडे बघायला लागले. तिच्याकडे उत्तर होतं आणि ते तिचं नव्हतं. तिनं खाली पाहिलं. परत पालथ्या घड्यावर पाणी, असं तिच्या मनात आलं.

मागच्या भिंतीशी पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला. गवईची आई उभी राहिली. तिच्या हातात चार घड्या घातलेला कागद होता, घड्यांवर विरलेला.

"त्याला सुई दिलीच नव्हती," ती म्हणाली. "हा त्याचा कागद. सही नाही यावर. त्याला सुईची भीती वाटायची, रडायचा, मला ते बघवायचं नाही. आज करते, उद्या करते, म्हणत पर्समध्येच राहिला. सिस्टरनी तीनदा फोन केला होता मला."

तिनं कागद उलगडून समोर धरला.

"लोक म्हणाले सुईनं गेला. मला ते बरं वाटलं. माझ्यामुळं नाही गेला, असं वाटायचं. म्हणून गप्प बसले. आणि या बाई माझ्यासाठी गप्प बसल्या."

सिस्टर तिच्याजवळ गेली. सही असती तर तो नक्की वाचला असता, असं कुणीही सांगू शकत नाही, हे तिनं त्या माउलीला सगळ्यांसमोर सांगितलं, कारण ते खरं होतं. मग घरच्यांना सांगितलं. लस म्हणजे कडं नाही. ती घेतली म्हणून फ्लू होणारच नाही, असं मी म्हणणार नाही. दंड दुखेल, एखाद्याला दिवसभर ताप येईल. पण आजार जिवावर बेतण्याचा धोका कमी होतो, आणि घरात जितक्या जणांनी घेतली तितकी आजाराला पसरायला जागा कमी मिळते. हे मी म्हणते म्हणून मानू नका. डॉक्टरांना विचारा, दोघांना विचारा, वाचा. आणि लस घेतली तरी हात धुवायचेच आहेत, खळबळून. ते मी शिकवलं नाही, ती चूक माझी होती.

विचार करायला सांगणारा माणूस असा बोलतो. त्याच्या बोलण्यात पण, कदाचित आणि माझं चुकलं हे शब्द येतात. ज्याच्या बोलण्यात ते कधीच येत नाहीत, त्याच्यासमोर हात पुढं करण्याआधी शांतपणे एवढंच विचारावं, हेच दुसऱ्या कशानं होतं का? करून बघायला एक साबणाची वडी पुरते. त्या साठ माणसांना कुणी मूर्ख म्हणू नये. ती घाबरलेली होती आणि आपल्या माणसावर जीव टाकणारी होती. पण भीतीच्या भरात घेतलेल्या निर्णयाची किंमत भिणारा देत नाही. ज्याला काही सांगता येत नाही, तो देतो.

दादानं खिशातून पेन काढलं, पण सही करायच्या आधी थांबला. "त्याला विचारू का?" सिस्टर म्हणाली, विचाराच. साहेबाला तिनं गवईचा खोकला आठवतो का, असं विचारलं. त्याला आठवत होता. तसं होऊ नये म्हणून सुई, थोडी दुखते, घेणार का? साहेबानं विचार केला, बाही वर केली आणि डावा दंड पुढं केला. आज नाही, मंगळवारी, असं सांगितल्यावर त्यानं बाही परत नीट केली. दादानं सही केली आणि भावाच्या मनगटातलं कडं काढून घेतलं.

चोविसांतले एकोणीस कागद आले. पाच नाही आले, आणि त्यांच्या घरच्यांना सिस्टर अजून फोन करते आहे.

मंगळवारी पथक आलं. टोचणाऱ्या मुलीनं हाताला बाटलीतलं स्पिरिट चोळलं होतं, ते साहेबाला चाललं नाही. तिला परत जावं लागलं. साबणानं धुवून, आता नव्या नियमाप्रमाणं खळबळून, ती आली तेव्हा वास पुसटसा होता, तरी तिला पास मिळाला. साहेब सुई टोचताना डोळे मिटून बसला आणि झाल्यावर खिशातलं पेन काढून त्यानं सिस्टरच्या वहीत एक रेघ मारली.

दुपारी जेवणाची वेळ झाली. तेवीस हात हुंगून झाले. आत ताटं मांडलेली होती. साहेब बेसिनपाशी उभाच.

"साहेब, चला," सिस्टर म्हणाली.

"एक राहिला."

ती नेहमीसारखी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तेवढ्यात मार्गिकेतून गवईची आई आली. ती वर त्या रिकाम्या खाटेकडे निघाली होती. दोघांना तिथं उभं बघून ती थांबली. सिस्टरनं तिला काही सांगितलं नाही. तिला कळलं की काय, कोण जाणे. तिनं पर्स खाली ठेवली, नळ सोडला, जाळीतली वडी हाताला चोळली, भरपूर पाण्यानं हात खळबळले आणि साहेबापुढं धरले.

साहेबानं ते दोन्ही हातांत घेतले. वाकून हुंगले. बराच वेळ हुंगले.

"पास," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच स्वतःहून दार ढकलून आत जेवायला गेला.